कराची पाडणाऱ्या निवेदकास खुले पत्र

वृत्तनिवेदक महोदय,

8 मे 2025 च्या रात्री तुम्ही कराचीचं बंदर बेचिराख केलंत. तुमच्या भाऊबंदांनी इस्लामाबादही काबीज केलं. सकाळी दोन्ही शहरं जागच्या जागी होती.

मी पुण्याच्या येरवड्यात राहतो. लोहगावच्या तळावरची लढाऊ विमानं आमच्या डोक्यावरून जातात. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या 26 जणांत दोघे पुण्याचे होते. आमचा संताप खरा होता. तुम्ही त्याचा धंदा केलात. त्या रात्री गल्लीतली पोरं फटाके घेऊन खाली उतरली. शेजारच्या काकूंचा मुलगा सीमेवर आहे. तुमच्या स्टुडिओत भोंगा वाजला की त्या मोबाइलकडे धावायच्या. हवाई हल्ल्याचे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका, हेही शेवटी सरकारला सांगावं लागलं. एवढं तुमचं तुम्हाला कळू नये?

पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यानं मदरशातल्या एका शिक्षकाचा जीव घेतला. काही वाहिन्यांनी त्यालाच दहशतवादी ठरवलं; पोलिसांना खुलासा करावा लागला.

10 मे रोजी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली. हाताशी आलेला विजय घालवला, असं वाटून माणसं खवळली. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी ती बातमी जाहीर केली, म्हणून त्यांनाच नव्हे, त्यांच्या मुलीलाही शिव्या खाव्या लागल्या. युद्ध थांबलं याचं लोकांना दुःख व्हावं, ही तुमची कमाई.

त्याच दिवसांत पुण्यातल्या 19 वर्षांच्या एका विद्यार्थिनीनं सरकारवर टीका करणारी पोस्ट शेअर केली, दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी तिला येरवडा कारागृहात टाकलं. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला आणि कॉलेजला फटकारून तिची सुटका केली. 1922 मध्ये गांधीजींना लेखांपायी सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांनाही इथंच आणलं होतं. तुम्ही मात्र कराची पाडल्याच्या दुसऱ्या रात्री पुन्हा पडद्यावर हजर होता.

तुम्हालाही आत टाका, असं मी म्हणत नाही. शब्दांपायी कुणीच तिथं जाऊ नये. मागणी एकच: ज्या वेळेला, ज्या आवाजात कराची पाडलीत, त्याच वेळेला, त्याच आवाजात ती बातमी खोटी होती हे सांगा. आणि यापुढे सैन्यानं सांगितल्याशिवाय एकही शहर जिंकू नका. लढायला पोरं आमच्या घरातली जातात.

येरवड्यातील एक प्रेक्षक