कादंबरीकार व्हायचंय? मांडव्याला उतरा

मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेतली उपकरणं बिथरतील, अशी भीती पडली. म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं. तेव्हापासून मुंबईत ज्याचा काटा ठिकाणावर राहत नाही, त्याला इकडे धाडायचा प्रघात पडला असावा. आधी उपकरणं आली, मग सिनेमावाले आले, क्रिकेटवाले आले. हल्ली पहिली कादंबरी लिहिणारे येतात.

ते ओळखू येतात. शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याला रो-रोतून गाडी उतरते, मागच्या सीटवर कुत्रा आणि लॅपटॉप. आवास-किहीमच्या बाजूला एखाद्या वाडीत शांतता भाड्याने घेतलेली असते. शनिवारी पहाटे समुद्राकडे बघायचं, दुपारी सुरमईकडे, रविवारी परतीचं तिकीट. पहिलं प्रकरण बरीच वर्षं ‘आकार घेतंय’. मुलाखत मात्र पाठ आहे: अलिबागने मला लिहितं केलं. आम्हाला अलिबागने अजून वडखळपर्यंतचा रस्ता धड दिलेला नाही, पण असो.

खरी पंचाईत इथल्या माणसाची. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतात. नाव सांगत नाही, प्रकरण कोर्टात आहे. त्यांनी खारेपाटावर कादंबरी लिहिली. विषय चरीचा संप. नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभे राहून शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांची जमीन कसली नाही. संप सहा वर्षं चालला, कादंबरी सात. संपकऱ्यांना निदान घरात कोणी विचारत नव्हतं, की यातून मिळणार काय? आमच्या गृहस्थांच्या चुलत्यांनी पहिल्याच दिवशी वहीचा गठ्ठा उचलून वजन केलं आणि म्हणाले, “कनाला रं येवरं लिवलंस?”

नेमाड्यांनी ‘कोसला’ १९६३ साली सांगवीला बसून, वयाच्या पंचविशीत, काही आठवड्यांत हातावेगळी केली आणि रा. ज. देशमुखांनी ती लगोलग छापली, हे प्रत्येक नवा कादंबरीकार चहाच्या दुसऱ्या घोटाला ऐकवतो. ‘काही आठवड्यांत’ एवढंच तो लक्षात ठेवतो. देशमुखांचं काय करायचं, हे त्याला पुण्यात गेल्यावर कळतं.

तर गृहस्थ पुण्याला गेले. प्रकाशकांनी विचारलं, कुठून आलात? हे म्हणाले, अलिबागहून. टेबलामागे एक हसू आलं आणि बराच वेळ गेलं नाही. हिंदी सिनेमाने आमच्या गावाला चिकटवलेला ‘अलिबाग से आया है क्या?’ हा सवाल बंद करा, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकंदर सूर होता. गृहस्थांनी लावून घेतलं नाही. हस्तलिखित ठेवलं, पोच मागितली. आवक-जावकवाला माणूस, सवय जात नाही. पोच मिळाली नाही.

किहीमने एक लेखक मात्र खरोखर घडवला. सलीम अली १९३० साली जर्मनीहून शिकून आले, तर मुंबईतली नोकरीच उरली नव्हती. मग किहीमच्या घरी जाऊन राहिले आणि सुगरणींची घरटी बघत बसले. नर अर्धंच घरटं विणतो, मग मादी पाहणीला येण्याची वाट बघतो. ती आली, आत डोकावली, पसंत पडलं तर पुढचं विणकाम. नाही पडलं तर अर्धं घरटं तसंच लटकत राहतं. त्या निरीक्षणांनी सलीम अलींचं नाव झालं, आणि भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली आलं. नवलेखक आणि प्रकाशक यांच्यावर याहून नेमकं कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. फरक एवढाच, की मादी सुगरण घरट्याचा निम्मा खर्च नराकडून आगाऊ घेत नाही.

कारण प्रकाशकांचा निरोप आला तो असा: लेखनात ताकद आहे, आवृत्ती तीनशेची काढू, त्यातल्या दीडशे प्रती आपण घ्याव्यात. शिवाय नावात ‘खारेपाट’ नको, वाचकाला तहान लागते. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिकडे अर्ज करा, असं मी सुचवलं. गृहस्थ नुसते हसले. अर्जाचा आवक क्रमांक पडल्यावर पुढे काय होतं, हे त्यांना मी सांगायचं? त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं.

प्रकाशन समारंभ थंडीत ठेवला, कारण नंतर मडक्यातल्या पोपटीचं जेवण होतं. पोपटी नसती तर सभागृहाला निम्म्या खुर्च्या पुरल्या असत्या. पुस्तकाचं कागदी वेष्टन पाहुण्यांना सुटेना, शेवटी आचाऱ्याची सुरी मागवली. पाहुणे राजकारणातले. त्यांनी कादंबरी मुखपृष्ठापर्यंत वाचली होती, त्यामुळे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनावर ते पाऊण तास बोलले. भाषण चांगलं झालं. खाली मडकी उघडल्याचा वास वर आला, तसे समीक्षक महोदय बोलायला उभे राहिले. त्यांचं पहिलं वाक्य मी जिन्यात ऐकलं.

विक्रीचं म्हणाल, तर गावात पुस्तक भेट घ्यायची पद्धत आहे, विकत घ्यायची नाही. ‘वाचून कळवतो’ म्हणणारे पुढे बाजारात दिसले, की रस्ता ओलांडतात. गृहस्थांमुळे अलिबागची वाहतूक बरीच डावीकडून उजवीकडे झाली. त्याही काळात एकाने मात्र रोख पैसे मोजून प्रत घेतली आणि चष्मा लावून, बोट फिरवत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. चुलत्यांनी. अकराव्या प्रकरणात नायकाचा काका रातोरात बांध सरकवतो. चुलत्यांनी त्या पानाला खूण घातली आणि वकिलांकडे गेले.

आता दाव्यात पुस्तक जोडलं आहे. वकिलांनी एक प्रत घेतली, समोरच्या वकिलांनी एक, भावकीतल्या सात घरांनी सात. बांध नक्की किती सरकला याचा वर्णनावरून अंदाज बांधायला मोजणीवाल्यानेही एक नेली. ही बातमी पुण्याला पोहोचली आणि प्रकाशकांचा फोन आला. त्यांनी आपण होऊन केलेला हा पहिलाच. दुसऱ्या आवृत्तीचं बघू म्हणाले, आणि मलपृष्ठावर चुलत्यांचा अभिप्राय मिळेल का, असं विचारत होते.