घरी बसलेल्या बाळूचं पत्र

श्टुटगार्ट,
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

ति. आई आणि ति. अण्णा यांस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सर्व इथे खुशाल आहोत. म्हणजे ताप कुणालाच नाही, शेंबूड सगळ्यांना आहे. तुमची खुशाली आम्हाला अण्णांच्या कपाळावरून कळते, कारण व्हिडिओ कॉलवर त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. आमच्या बाजूला थोरली ठमी फोन पळवून पलंगाखाली जाते आणि तुम्हाला तिथली धूळ दाखवते. मग आई, तू सूनबाईशी केरवाऱ्याबद्दल आडून आडून बोलतेस. म्हणून म्हटलं, एकदा सगळं कागदावर लिहून धाडावं. कागद पलंगाखाली नेला तरी साताऱ्याला धूळ दिसत नाही.

मागे अण्णांनी विचारलं होतं, "दिवसभर घरी बसून तू करतोस तरी काय?" त्याचं हे सविस्तर उत्तर.

आधी अण्णांची काळजी मिटवतो. नोकरी गेलेली नाही. मी पालकरजेवर आहे. मूल झालं की इथे आईला आणि बापाला, दोघांनाही, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते आणि तोवर नोकरी शाबूत राहते. त्यातल्या काही काळात सरकार पैसेही देतं. दोघांनी वाटून घेतले तर मिळून चौदा महिने. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 65 टक्के, पण कितीही मोठा साहेब असला तरी महिन्याला 1800 युरोच्या वर नाही. सूनबाईच्या वाट्याचे महिने संपले, ती ऑफिसात रुजू झाली आणि आता पाळी माझी आहे. शिवाय प्रत्येक मुलामागे दर महिन्याला बालभत्ता मिळतो, 2025 मध्ये तो 255 युरो होता. अण्णा, तुम्ही आत्ता लगेच पेन्सिल घेऊन याचे रुपये काढाल. काढू नका. डायपरही युरोतच येतात.

आता दिनक्रम. आजपासून तो बिघडला आहे, कारण काल रात्री घड्याळं एक तास मागे गेली. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजले की परत दोन वाजवायचे, असा इथला नियम. जवळजवळ सगळ्या युरोपला एक तास जास्त झोप. दोन पोरांच्या घरांना ही सवलत नाही. धाकटा गोट्या कालपर्यंत सहाला उठायचा, तो आज पाचला उठून "बा बा बा" करत माझ्या छातीवर बसला. त्याच्या पोटातलं घड्याळ कुणी मागे केलेलं नाही. तुम्हीही ध्यानात ठेवा, आपल्यातलं साडेतीन तासांचं अंतर आता साडेचार तासांचं झालं. आई, तू सकाळी दहाला "उठलात का रे?" म्हणून फोन करशील तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतील. आम्ही उठलेलेच असू, प्रश्न तो नाही.

उठल्यावर पहिला सामना ठमीला किटात पाठवण्याचा. किटा म्हणजे इथली बालवाडी. पाऊस असो, हिम असो, तिथल्या बाई पोरांना अंगणात सोडतात. म्हणून आत सुती कपडे, वर स्वेटर, त्यावर रबरी चिखलविजार, तिचे खांद्यावरचे पट्टे, वर जाकीट, टोपी, मोजे आणि गमबूट. पंढरपुरात विठोबाचा पोशाख याहून लवकर आटोपत असेल, आणि सगळं चढवून झाल्यावर विठोबा "बाबा, शू" म्हणत नाही. किटात पोचल्यावर हे सगळं उतरवून घरात घालायचे वेगळे बूट चढवायचे. संध्याकाळी आणायला जावं तर चिखलविजारीच्या आत चिखल आणि बाहेर ठमी कोरडी. हे तिला कसं साधतं ते तिथल्या बाईंनाही सांगता येत नाही.

पुढे गोट्यालाही किटात रुळवायचं आहे. त्याची रीत अशी, की सुरुवातीला पालकाने वर्गातल्या कोपऱ्यात गप्प बसून राहायचं. मग पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन यायचं, मग अर्धा तास, मग थोडं जास्त. मूल रडलं की परत मागच्या पायरीवर. काही आठवडे हे चालतं. जाताना मुलाला सांगून, टाटा करूनच जायचं, गुपचूप सटकायचं नाही, यावर त्यांचा मोठा कटाक्ष. आई, मला बालवाडीत सोडलंस तेव्हा तू "चॉकलेट घेऊन आलेच" म्हणून गेलीस. ते चॉकलेट अजून यायचं आहे.

डब्याचंही ऐका. बाकीच्या पोरांच्या डब्यात पाव, चीज, काकडीच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी. म्हणजे इथे डबा करायचा नसतो, कापायचा असतो. इथल्या पुष्कळ घरांत संध्याकाळीही चूल पेटत नाही, थंड पाव आणि चीज हेच रात्रीचं जेवण. हे ठमीने किटात ऐकलं आणि घरी वरणभाताविरुद्ध असहकार पुकारला. शेवटी तह झाला. इकडच्या भागात श्पेट्झलं म्हणून अंडं घालून भिजवलेल्या पिठाचा लोकप्रिय पदार्थ असतो, तो आम्ही तिला आमटीत घालून देतो. ती म्हणते मी जर्मन जेवले, आम्ही म्हणतो आमटी पोटात गेली. दोन्ही पक्ष विजयी.

रविवारचा दिवस मात्र कसोटीचा. आज दुकानं बंद. इथे रविवारच्या विश्रांतीची तरतूद थेट राज्यघटनेत आहे. 1919 च्या घटनेतलं ते कलम त्यांनी पुढच्या घटनेतही जसंच्या तसं ठेवलं. दूध संपलं तर सोमवारपर्यंत कलम वाचत बसायचं. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या चौकातल्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता तर रोजचीच. आई, तू दिलेला मिक्सर चांगला आहे, पण त्याचा आवाज साताऱ्याच्या एसटी स्टँडवर शोभेल असा आहे. ओल्या नारळाची चटणी आम्ही शनिवारी संध्याकाळी, खिडक्या लावून, चोरी करत असल्यासारखी वाटतो.

आणि गोट्या? त्याला रात्री दहाचा नियम कोण सांगणार? पण इथे एक दिलासा आहे. 2011 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्यांनी ठरवलं, की बालवाड्या आणि खेळाची मैदानं यांतून येणारा पोरांचा आवाज हा सहसा उपद्रव मानायचा नाही. कायदा घराबद्दल काही बोलत नाही. म्हणून मी दोघांना घेऊन मैदानावर जातो. तिथे बाकावर माझ्यासारखे आणखी बाप बसलेले असतात. कुणाच्या खांद्यावर दुधाची ओकारी, कुणाच्या खिशात चावलेला ब्रेत्सेल पाव. क्रिकेट, राजकारण काही निघत नाही. "तुमचा रात्री किती वेळा उठतो?" एवढाच विषय, आणि त्यात अर्धा तास मजेत जातो.

आवाजाचं मी उगाच मनावर घेतो, कारण खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांनी एकदा दार वाजवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण नुकतंच गोट्याचं पातेलं आपटून झालं होतं. पण पातेल्याबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी मला जिन्यात नेलं आणि तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे चिमूटभर धूळ होती. या प्रांतात 'केअरवोखं' म्हणून रिवाज आहे, साफसफाईची पाळी. तुमची पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी अडकवतात. त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, मोठी पाळी असेल तर तळघर आणि दारापुढची फरशीही. काही शतकांपासून हे चालत आलंय आणि भाड्याच्या करारातही लिहिलेलं असतं. अण्णा, मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. त्यातली कुठली बहीण जिना पुसते ते मी लिहीत नाही. ठमीला मात्र हा प्रकार फार आवडतो. ती ओल्या फडक्याने एक पायरी पुसते आणि गमबूट घालून पुढच्या पाच पायऱ्या चढते.

कचऱ्याच्या बाबतीत तर ती घरातली फौजदार झाली आहे. ओला कचरा वेगळा, कागद वेगळा, प्लॅस्टिकचं वेष्टण वेगळं आणि डायपर उरलेल्या कचऱ्यात. परवा मी दह्याचा डबा चुकीच्या पिंपात टाकला, तर तिने किटातल्या सगळ्यांसमोर ते जाहीर केलं. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती येते. ते पैसे ठमीचे. आई, तुझ्या रद्दीवाल्याच्या पैशांवर माझा हक्क असायचा, तसाच. त्यामुळे मी तहान लागली म्हणालो की तिचे डोळे चमकतात.

पोरं आजारी पडली तर? आई, तुझा हा रोजचा प्रश्न. इथले डॉक्टर साध्या सर्दीपडशाला लगेच औषध लिहून देत नाहीत. चहा पाजा, झोपू द्या, बरं होईल, असं सांगून घरी पाठवतात. मागे ठमीचा कान दुखत होता, तेव्हा खालच्या आजींनी उपाय सांगितला. कांदा चिरून फडक्यात बांधा, कोमट करून कानावर धरा. ताप चढला तर पोटऱ्यांना ओली फडकी. पोट दुखलं तर चेरीच्या बिया भरलेली उशी गरम करून शेका. मी त्यांना तुझ्या ओव्याच्या पुरचुंडीबद्दल सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तुमची दोघींची गाठ पडली तर माझं काही खरं नाही.

दुपारी फिरायला नेण्याचं मोठं संकट आहे. हे गाव खोलगट भांड्यात वसलेलं आहे, चहूबाजूंनी टेकड्या आणि त्यांवर द्राक्षमळे. वर जायला चारशेहून जास्त दगडी जिने आहेत आणि त्यातला प्रत्येक बाबागाडी पाहून हसतो. त्यावर उतारा म्हणजे दातेरी रुळांची आगगाडी. 1884 पासून ती टेकडीवर चढते, हल्ली सायकलींसाठी पुढे उघडा डबा लावून. ठमीला कुठेच उतरायचं नसतं. वर गेलो की खाली, खाली आलो की वर. चालकाने आता आम्हाला हात करायला सुरुवात केली आहे.

दिवाळी झाली, पण आकाशकंदील अजून खिडकीत आहे. 11 नोव्हेंबरला इथे सेंट मार्टिनची मिरवणूक असते. पोरं कागदी कंदील काठीला टांगून अंधारात गाणी म्हणत फिरतात. किटात प्रत्येकाने आपापला कंदील केला आहे. ठमीने मात्र जाहीर केलंय, की ती आपला चांदणीवाला आकाशकंदीलच नेणार. तो तिच्याहून मोठा आहे. सूनबाईने बराच विचार करून काठी शोधायला घेतली आहे.

आता तुमच्या येण्याचं. व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, ती कागदपत्रं मी पाठवतो. आणायच्या वस्तू: मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, आणि गोट्यासाठी तुझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी. आई, आता मन घट्ट कर. साताऱ्याचे कंदी पेढे आणू नकोस. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, तूपसुद्धा नाही. कढीपत्ता नाही, लिंबं नाहीत. नारळ आणि केळी मात्र चालतात. म्हणजे पूजा होईल, प्रसादाचं इथे बघू.

अण्णा, शेवटी एक विनंती. कराडच्या मामांचा फोन आला होता. "वर्क फ्रॉम होम काय म्हणतंय?" असं त्यांनी विचारलं. हे तुम्हीच गावभर सांगितलंय असं दिसतं. तसं सांगू नका. सरळ सांगा, बाळू घरी बसून पोरं सांभाळतो आणि या कामाचे तिकडचं सरकार पैसे देतं. मामा हसले तर हसू द्या. पण मग घरी येऊन एक हिशोब करा. आईने हेच काम आयुष्यभर केलं, आम्हा तिघा भावंडांचं, वर आजी-आजोबांचं आणि तुमचंही. बँकेत तुमची उभी हयात गेली, थकबाकी काढणं तुम्हाला नवीन नाही. आईची सगळी रक्कम काढून ठेवा, व्याजासकट.

तुमचा,
बाळू