आरपीएम अण्णा

जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापडाखाली एक गाडी असते आणि त्या गाडीखाली एक माणूस असतो. आमच्याकडे ते अण्णा. बाहेर फक्त दोन पाय दिसतात. दूधवाला, वॉचमन, मेंटेनन्स मागायला आलेले सेक्रेटरी, सगळे त्या पायांशीच बोलतात. अंगठा हलला की होकार समजायचा.

गाडी १९७४ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्यात जन्मलेली, इटालियन फियाटच्या घराण्यातली, स्टिअरिंगजवळ हाताचे गिअर असलेली. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं हे सांगणारा टॅकोमीटर तिला कंपनीने दिला नव्हता आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यावाचून कुणाचंही अडलं नव्हतं. एका रविवारी अण्णा जुन्या बाजारात गेले आणि अडलं.

कुलुपं हरवलेल्या किल्ल्यांच्या ढिगात त्यांना एक काळी गोल तबकडी दिसली. शून्यापासून सत्तरपर्यंत आकडे. विकणाऱ्याने ती घड्याळ म्हणून काढली. "सेल टाका, चालू होईल," म्हणाला. आकडे सत्तरपर्यंत का, यावर "इंपोर्टेड आहे," हे उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. तीनशे रुपयांत सौदा झाला.

पुढचे तीन दिवस अण्णा भिंग घेऊन बसले. तबकडीवर 'स्मिथ्स', खाली मुंगीएवढी अक्षरं. त्या अक्षरांनी अण्णांची झोप उडवली.

"आरव्हीआय आहे की आरव्हीसी, हे कळल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही!" त्यांनी मला जिन्यात गाठून बजावलं. मी लावणारही नव्हतो; माझ्या हातात कोथिंबीर होती. तरी समजून घ्यावं लागलं. आरव्हीसी हा साधा पाहुणा. कॉइलच्या निगेटिव्हवरून एक तार दिली की खूश. आरव्हीआय म्हणजे जावई. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे निघालेली तार आधी त्याच्या दारी न्यायची, तिथे एक वेढा घ्यायचा, मगच ती कॉइलला पोचवायची.

अण्णांना अर्थातच आरव्हीआय मिळाला होता. त्यातून तो पॉझिटिव्ह अर्थिंगचा. जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असे, आपल्या फियाटला मायनस. म्हणजे मीटर उघडून आतली जोडणी उलटी करा, वेढ्याची दिशाही उलटी करा. वायरमनने हात जोडले. अण्णांनी स्वतः डाग दिले. घरात तीन दिवस कथिलाचा वास होता आणि काकूंनी उदबत्तीचा पुडा संपवला.

अखेर काटा हलला. गाडी दिमाखात फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. वेढ्याचा जोड ढिला होता. कॉइलचा प्रवाहच त्यातून जायचा, तो तुटल्यावर ठिणगी कुठून येणार? वॉचमनने आणि मी गाडी मागे ढकलली. अण्णा आत बसून काट्याकडे पाहत होते. तो शून्यावर होता. "बरोबर दाखवतोय," म्हणाले.

खरा घोळ पुढेच होता. इंजिन कानाला नऊशेचं वाटायचं आणि काटा सहावर, म्हणजे शेकड्यांच्या हिशेबात सहाशेवर. अण्णांनी कागद घेतला. चार सिलिंडरला दर फेऱ्याला दोन ठिणग्या, सहाला तीन. मीटर सहा सिलिंडरच्या गाडीचा! दर फेऱ्यामागे एक ठिणगी कमी पडत होती. मीटर उघडून मेळ बसवता आला असता, पण अण्णांना लहानपणी दीडकी, म्हणजे दीडपटीचा पाढा, पाठ करवलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचा उपयोग झाला, तो सोडतात कशाला? आता ते काटा पाहतात आणि पुटपुटतात, "सहाचे नऊ, आठाचे बारा." नातवालाही दीडकी शिकवायला घेतली आहे. तो बिचारा डिजिटल पिढीतला, मान डोलावतो.

२०२१च्या नियमांनुसार पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. मात्र मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. हे कलम वाचून अण्णांइतका आनंद झालेला दुसरा नागरिक मी पाहिलेला नाही. पेढे वाटले.

रोज सकाळी साडेसातला ते गाडी जागच्या जागी सुरू करतात. दहा मिनिटं काटा सहाशेवर, म्हणजे नऊशेवर, थरथरतो. काकू शेजारून पिशवी घेऊन जातात आणि कोपऱ्यावर रिक्षाला हात करतात.