परदेशी गाडी, देशी मेव्हणे

नेपाळ फॉरेनमध्ये मोडतं की नाही, यावर आमच्या विरारच्या सोसायटीत एकमत नाही. ‘पासपोर्ट लागत नाही ना? मग कसलं फॉरेन!’ असं सेक्रेटरींनी लिफ्टमध्येच जाहीर करून आमच्या जीपनं मुक्तिनाथला जायच्या बेताची हवा काढली. मुद्दा खरा होता. १९५० च्या मैत्री करारामुळे सुनौलीची कमान आपण साधं ओळखपत्र खिशात घालून ओलांडतो.

पण ही झाली माणसांची गोष्ट. गाडीला ‘भन्सार’ लागतो, म्हणजे नेपाळी जकात. किती दिवस मुक्काम ते आधी सांगायचं, दिवसाप्रमाणे पैसे मोजायचे, मुदत टळली की दंड. थोडक्यात, आम्ही घरचे पाहुणे आणि आमची डिझेल जीप परदेशी नागरिक.

विम्यातही तेच. पॉलिसी भारतापुरती, हद्द वाढवायची तर जादा हप्ता. त्या कलमातले देश असे: बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. मेव्हण्यांनी एजंटला विचारलं, ‘मालदीवला जीप घेऊन कोण जातं हो?’ एजंट शांतपणे म्हणाला, ‘साहेब, विचार असेल तर सांगा.’

जीपच्या दणकटपणाची काळजी नव्हती. नाशिककडे निघताना आम्ही चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्ता धरला होता. फोर बाय फोरचा दांडा गाडीत कशासाठी असतो, ते तिथल्या खड्ड्यांत कळतं. त्या रस्त्यानं भिवंडी गाठलेल्या गाडीचं हिमालय काय वाकडं करणार?

हिमालयानं काहीच केलं नाही. केलं ते डिझेलनं.

पोखरा, बेनी, तातोपानी मागे पडलं. डावीकडे ८,१६७ मीटरचा धवलागिरी, उजवीकडे ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा आणि मधल्या घळीत काली गंडकी. इथे प्रत्येकाचा श्वास अडकतो, जीपचाही अडकला. रुप्से धबधब्याच्या अलीकडे दोन आचके दिले आणि ठप्प. विमा कंपनीचा टोल-फ्री नंबर लागेना. भन्सारचा मीटर मात्र चालू, कारण बंद गाडीलाही दिवस मोजले जातातच.

मेव्हणे उतरले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी स्कूटरवर काढली आहेत. ‘प्लग साफ करा,’ हे पहिलं निदान. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, हवा दाबून तापवली की डिझेल आपसूक पेटतं, असं मी सांगितलं. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, ‘भावोजी, जरा तिरकी करून बघू या का?’ जीप जवळजवळ दोन टनांची. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नदी. कुठल्या बाजूला तिरकी करायची, एवढंच ठरायचं राहिलं.

नशिबानं त्या रस्त्यावर धावणाऱ्या बोलेरो, स्कॉर्पिओ आपल्याकडच्याच. एका ड्रायव्हरनं पुढच्या गावात निरोप दिला आणि बऱ्याच वेळानं एक पोरगा मोटरसायकलवरून बारा-तेराचा पाना घेऊन आला. फिल्टरकडे बघून म्हणाला, ‘पानी छ, दाइ.’ त्यानं फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून खाली कापलेली बाटली धरली. जड म्हणून पाणी तळाशी, वर पिवळसर डिझेल, मधे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. वाटेत कुठल्याशा पंपावर आम्ही हे सगळं डिझेलच्या भावानं घेतलं होतं.

पाणी गेलं, तर नळीत हवा शिरली. हवा दबते, त्यामुळे इंजेक्टरला दाब मिळत नाही. मग फिल्टरवरचा हातपंप अंगठ्यानं दाबत राहायचं, वरच्या स्क्रूतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. हे खातं मेव्हण्यांना दिलं. दुपारनंतर त्या दरीत असा वारा सुटतो, की जोमसोमची विमानं सकाळीच उडून घेतात. त्या धुळीत बायकोनं आगाशीच्या सुकेळ्यांचा पुडा सोडला. वाळवलेली राजेळी केळी पोरानं आधी हुंगली, मग एक खाल्लं, मग दोन खिशात टाकली.

पंप कडक झाला. किल्ली फिरवली. घरघर, काळा धूर आणि सुरू! पोरानं पैसे सांगितले तसे मेव्हण्यांनी सवयीनं घासाघीस करायला तोंड उघडलं. बहिणीनं नुसतं बघितलं, तोंड मिटलं.

मुक्तिनाथला १०८ धारांचं बर्फगार पाणी डोक्यावर घ्यायचं असतं. मी कुडकुडत बाहेर आलो तेव्हा मेव्हणे कोरडे ठणठणीत उभे होते आणि एका इंदूरच्या कुटुंबाला समजावत होते, ‘मेकॅनिकचं काय घेऊन बसलात! रस्त्यालाच उतार होता, गाडी आपोआप तिरकी झाली.’