एल फोर, एल फाय आणि हाय हाय!

काय दिवस आले बघा! मुरुमच्या बाजारात पूर्वी तब्येत विचारली की बीपी-शुगरवर भागायचं. आता विचारून तर बघा! काखेतून एमआरआयचा लिफाफा निघतो आणि भर रस्त्यात 'एल फोर-एल फाय'चं कीर्तन सुरू. कुणाच्या मणक्यात गॅप, कुणाची गादी सरकलेली, कुणाची नस दबलेली. अख्ख्या उमरगा तालुक्यात धड मणका उरलाय का?

आणि इलाज काय, तर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया! इंजेक्शन म्हटलं की घाम फुटणारी मंडळी साळिंदर होऊन पालथी पडतात, वर त्या सुयांना करंटच्या क्लिपा लावून घेतात! लाज आहे की नाही? पुण्या-मुंबईत तर कुत्रीही टोचून घेतात. त्यातलं डॅशहुंड जातीचं कुत्रं म्हणजे पाय आखूड, पाठ लांबलचक. मणक्यातल्या चकत्या ऐन उमेदीत कडक झालेल्या. सोफ्यावरून एक उडी मारली की चकती मज्जारज्जूवर आणि मागचे पाय लुळे. मग टोचा! आपल्याकडे बैल लंगडला की तापल्या सळईचा डाग द्यायचे. तिकडे कुत्र्याला बिस्किट चारत सुया.

खापर फोडायचं कुणावर? शेजारच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, पण ते सर्जन. त्यांच्याच पथकातले डॉ. बसू मात्र पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात टोचत सुटले. आता तर महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५ चा कायदाच आहे. बोला!

खरी गंमत जर्मनीची. जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २००७ साली आला. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्क्यांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या गोळ्या-व्यायामवाल्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. म्हणजे नेम चुकला तरी शिकार झालीच! त्यात सरकलेली चकती बरेचदा काही आठवड्यांत, महिन्यांत आपणहून आवरते. श्रेय कुणाला? अर्थात शेवटच्या सुईला.

आणि तुम्ही हो, नाक मुरडून हसताय कसले? परवा लग्नात पंगतीला खाली बसताना कण्हलात, तेव्हाच आम्ही ओळखलं. जा, खुशाल जा. सुई मात्र सीलबंद पाकिटातली, नवी असू द्या. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर माणूस असो की कुत्रं, सुईची वाट न बघता त्याच दिवशी सर्जन गाठा.