अज्ञात इसमास अनावृत पत्र

श्री. अज्ञात इसम यांस,
रा. जमिनीखाली, विरार-वसई

स. न. वि. वि.

आपला पत्ता मिळत नाही, म्हणून पत्र उघडंच धाडतो. विहिरीच्या पाण्याला वास येतो, वाडीतल्या केळीची पानं कडेने करपतात, आणि प्रत्येक कागदावर आपलंच नाव: 'स्रोत अज्ञात'. पंचक्रोशीत एवढा वट दुसऱ्या कुणाचा नाही.

आपल्या बाजूने बोलणारेही पुष्कळ. कारखानदार म्हणतो, शेतकऱ्याचा युरिया. शेतकरी म्हणतो, चाळींच्या संडासाच्या टाक्या. चाळवाले डम्पिंगकडे बोट दाखवतात. कुणाचंच जमलं नाही, तर समुद्र आहेच. टँकरवाले विहिरी उपसतात नि खारं पाणी आत शिरतं, हे हरित वसई चळवळवाले आणि फादर दिब्रिटो 1989 सालीही कंठशोष करून सांगत होते. ते खरं होतं, म्हणूनच आपल्याला त्याच्याआड लपायला बरं पडतं.

पण आपण वाटता तेवढे अज्ञात नाही हो. युरियातला नत्र हवेतून घेतलेला. मैल्यातला हलका नत्र अमोनिया होऊन उडतो, जड मागे राहतो. प्रयोगशाळेत दोघं बहुधा वेगळे ओळखू येतात. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड ब्रोमाइडच्या सुमारे तीनशे पट. ते गणित जुळलं नाही, तर समुद्रावरचा संशय गळतो. तीन विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजली, की पाण्याचा कल साधारण कळतो. मग चढाकडे चालत जायचं.

नेमकं तिकडेच कुणी जात नाही. नमुना नेहमी आमच्याच विहिरीचा. साचलेलं पाणी जाईस्तोवर पंप चालवायला साहेबांना सवड नसते. बाटली त्याच पाण्याने विसळायची राहते. बर्फाचा डबा गाडीत, गाडी नाक्यावर. अहवालात नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत आलं, की पाणी शुद्ध. कारखान्यातल्या सॉल्व्हंटची तपासणी कुणी मागितलेलीच नसते.

तरी फार निर्धास्त राहू नका. तारापूरच्या कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली हरित लवादात गेली. 2022 साली लवादाने शंभरावर उद्योगांना भरपाई ठोठावली. मधे सहा वर्षं गेली, हे आपल्या दिलाशासाठी सांगतो.

कळावे,

आपला,
उताराकडचा एक विहीरवाला, मनवेलपाडा

ता. क. नमुने घ्यायला येणाऱ्यांची तारीख आपल्याला आधी कळते म्हणतात. आम्हालाही कळवत जा. बर्फ आम्ही आणून ठेवू.