खाली जायचे पैसे

'गुलदार' ही युद्धनौका 1985 साली नौदलात रुजू झाली आणि जानेवारी 2024मध्ये निवृत्त झाली. पुढच्या वर्षी ती एमटीडीसीच्या हवाली केली. कशाला? तर निवती रॉकजवळ बुडवून पर्यटकांना दाखवायला. निवृत्तांची एवढी काळजी! मला ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ देऊन वाटेला लावलं होतं.

तिला भेटायचं तर स्कूबा डायव्हिंगचा सराव हवा, म्हणून डिसेंबरात गोव्याला ग्रँड आयलंडजवळचं 'सूझीज रेक' गाठलं. तिथलं बुडालेलं जहाज नवशिक्यांनाही दाखवतात.

वेटसूट पोटापाशी अडला. मग गादीला खोळ घालताना कोपरे धरून झटकतात, तसं दोन पोरांनी मला झटकून आत बसवलं. पाणी म्हणे 27 अंश. डोंबिवलीत एवढ्याला आम्ही पंखा लावतो. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा 25 पट वेगाने ओढून घेतं, हे इन्स्ट्रक्टरने माझे दात वाजायला लागल्यावर सांगितलं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, साधीच हवा दाबून भरतात. एमआयडीसीचा वास नसलेली हवा आम्हाला साधी वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

मुख्य नियम एकच : श्वास धरायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. वर येताना कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसं फाटू शकतात. इकडे माझी सगळी नोकरी सकाळच्या फास्टमध्ये, कुणाच्या तरी काखेखाली, पारसिकचा बोगदा संपेपर्यंत श्वास धरण्यात गेलेली! छाती भरली की माणूस तरंगतो. मी दचकायचो, श्वास धरायचो, वर जायचो. इन्स्ट्रक्टर पाय धरून खाली ओढायचा.

बरंय ना, असं त्याने खुणेने विचारलं. मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. हे बोटीवर शिकवलं होतं, तेव्हा मी कलिंगड खात होतो. त्याने मुकाट वर आणलं.

"काका, काय झालं?"

"काही नाही, मस्त चाललंय," म्हणत मी पुन्हा अंगठा दाखवला.

घाबरलेला माणूस हवाही भराभर संपवतो. शिंपल्यांनी मढलेला एक पत्रा गढूळ पाण्यात दिसल्यासारखा वाटला, तोवर वेळ संपली.

घरी सोसायटीच्या पोरांनी व्हिडिओ टीव्हीवर लावला. मी डोळे फाडून कॅमेऱ्याकडे बघतोय. तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी किंचाळली, "आजोबा, मागे बघा! जहाज तुमच्या मागेच आहे!"

मी झटकन मान वळवली. मागे फ्रिज होता.